धार वाढली

आमच्या आईच्या घरात काहीही फुटत नाही, तुटत नाही, विझत नाही आणि संपत नाही. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं. मंगळसूत्र तुटलं तर वाढवलं. देवापुढचा नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. कोपऱ्यावरचा वाणी दुकान बंद करत नाही, दुकान वाढवतो. लहानपणी एकदा मी समई विझली असं म्हणाले, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच फुंकर मारून आले होते. समई शांत होते. तांदळाचा डबा रिकामा झाला तरी तांदूळ भरायला झालेत, एवढंच. गिरगावातल्या तिच्या माहेरी सगळेच असे बोलायचे. मी चिडून एकदा विचारलं होतं की तुमच्याकडे माणसं तरी मरतात की नाही. नाही, आई म्हणाली, देवाघरी जातात.

माझा नवरा वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला. म्हणजे लहानाचा मोठा झालेला, आईच्या अर्थाने नव्हे. त्याच्या घरी ही भानगड नाही. तिथे फुटलं ते फुटलं. शब्दाला भिऊन कप जुळत नाही, असं माझ्या सासूबाई म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात मला आजवर खोट सापडलेली नाही. त्यात नवरा लिफ्टच्या देखभालीच्या कामात इंजिनिअर. दिवसभर त्याच्या फोनवर कोणीतरी ओरडत असतं, बंद पडली, बंद पडली. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला आईकडे मोरीत माझी बांगडी नळावर आपटली. वाढली वाटतं, आई स्वयंपाकघरातून म्हणाली. नवऱ्याने माझं मनगट धरून नीट तपासलं आणि सांगितलं, नाही आई, सैल नाही झाली, फुटलीये. त्या दिवशी त्याला दुसरी गुळपोळी मिळाली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. आई-बाबांच्या दादरच्या इमारतीची लिफ्ट नेमकी त्या दिवशी दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेली. नवरा परळहून स्कूटरवर आला, बाबांना खुर्चीत बसवलं आणि वॉचमनला हाताशी धरून तीन मजले खाली उतरवलं. त्या दिवसापासून आई त्याला 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणायला लागली, आणि आमच्याकडे याहून मोठा मान नाही. दुपारी एक तरुण डॉक्टर बाहेर आली आणि आईला म्हणाली, घाबरू नका, त्यांचं हृदय मध्ये थोडा वेळ बंद पडलं होतं, आता व्यवस्थित चालू आहे. पोरीने धीर द्यायलाच सांगितलं होतं. पण आईच्या कानात तेवढे दोनच शब्द राहिले. तेव्हापासून 'बंद' हा शब्द घरातून हद्दपार आहे. पंखा थांबतो, टीव्ही झोपतो, बँकेला सुट्टी असते, आणि शहर बंद असलं तर आज गाड्या नाहीयेत. तोवर मी तिच्या बोलण्याची भरपूर टिंगल करायचे. त्यानंतरही करते, पण या एका शब्दाची नाही.

आता बोटीचं. बाबांनी छत्तीस वर्षं बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग ऑफिसात जहाजांचे कागद केले. कुठलं जहाज आलं, कुठलं गेलं, काय उतरलं. स्वतः ते घारापुरीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि ऑफिसातल्या एका मित्राने मिळून एक जुनी फायबरची मोटरबोट घेतली. सहा माणसं बसतील एवढी, वर ताडपत्रीचं छप्पर, मागे टांगलेलं इंजिन. पुढे मित्राचे गुडघे गेले आणि तो लेकीकडे पुण्याला गेला. पुण्यात समुद्र नाही, हे बाबा अजून त्याला फोनवर आठवणीने सांगतात. बोट एकट्या बाबांची झाली. ती भाऊच्या धक्क्याजवळ एका बोटदुरुस्तीवाल्याकडे असते, आणि इतरांचे वडील शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जातात तसे आमचे तिथे जातात.

बोट तोवर दोनदा ओढून आणावी लागली होती. पहिल्यांदा घारापुरीच्या अलीकडे पेट्रोल संपलं; पेट्रोल भरायला झालं होतं, असं आई सांगते. दुसऱ्यांदा बाबा सोसायटीच्या सेक्रेटरीला मिरवायला घेऊन गेले आणि बॅटरीने मान टाकली. दोन्ही वेळा मासेमारीच्या एकाच बोटीवरच्या तांडेलाने, म्हणजे त्या बोटीच्या प्रमुखाने, दोर टाकून त्यांना धक्क्याला आणून लावलं. दुसऱ्या खेपेला बाबा घरी आले ते उन्हाने करपून, पायात एकच चप्पल. आईने पाणी दिलं, दुसऱ्या चपलेची चौकशी केली नाही, आणि म्हणाली, "तिसऱ्यांदा दुसऱ्याचा दोर लागला, की बोट विकायची."

बाबांनी कबूल केलं. ते शब्दाला पक्के आहेत, हा त्यांचा गुण आम्हाला नेहमीच महागात पडतो. मांडव्याला पर्यटकांना फिरवणाऱ्या एका माणसाला ती बोट हवीच होती. त्याला त्यांनी सांगून टाकलं की रविवारी संध्याकाळी फोन कर, हो की नाही ते कळवतो. कारण त्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं बोटीने मांडव्याला जाणार होतो. शनिवारी जायचं, जवळच मावशीचं रिकामं घर आहे तिथे राहायचं, रविवारी परत. जाऊन येऊन दोराशिवाय पार पडलं तर बोट आमची, नाहीतर मांडव्याची.

मी उघडपणे आईच्या बाजूची होते. मला पोहता येतं, समुद्राची भीती नाही. मला बाबांच्या छातीची भीती होती, आणि भीती वाटली की मी भांडते. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोनवर म्हटलं, तुमच्या वयाची माणसं भजनाला जातात. ते म्हणाले, बोटीने जाता येईल असं भजन असेल तर सांग.

शनिवारी सकाळी बंदरातलं पाणी परातीतल्यासारखं सपाट होतं. जानेवारीत असतं तसं. 'बंदर' या शब्दाला आईची हरकत नाही ना, याची नवऱ्याने आधी विचारून खात्री करून घेतली. आईने बोटीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. सासूबाईंनी सुक्या जवळ्याची चटणी दिली होती; आईने कोळंबीचं भानोलं भाजून आणलं होतं, मोठ्या स्टीलच्या डब्यात. बाबांनी सगळ्यांना लाइफ जॅकेट चढवली, एकदा आकाशाकडे पाहिलं आणि चावी फिरवली. इंजिन ढिम्म.

बाबांनी स्पार्क प्लग काढले, पुसले, लावले. ढिम्म. पेट्रोलची नळी काढून तिच्यात फुंकर मारली, ते पेट्रोल तोंडात गेलं, मग बराच वेळ थुंकण्यात गेला. दुरुस्तीवाला त्या दिवशी उरणला लग्नाला. नवऱ्याने इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घातलं आणि लिफ्टवाल्यांच्या सवयीने प्रत्येक वायर बोटाने हलवून पाहिली. असा पाऊण तास गेला. आई उन्हात डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि काही बोलत नव्हती. बाबांना तेच जास्त लागत असणार.

शेवटी ती म्हणाली की कोणाला भूक असेल तर इथेच वाढते. तिने डबा पुढे ओढला आणि नवरा डब्याकडे बघतच राहिला. झाकण एका लाल, स्प्रिंगसारख्या गुंडाळीच्या दोरीने गच्च बांधलं होतं. या इंजिनांना तशी एक दोरी असते. तिचं एक टोक इंजिनाच्या खटक्यात अडकवायचं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. चालवणारा पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन आपसूक थांबतं. दोरी खटक्यात नसेल तर ते सुरूच होत नाही. हरवू नये म्हणून बाबा ती घरी आणून फ्रिजवर ठेवत. आईला वाटलं, जुन्या फोनची वायर आहे, आणि भानोल्याचं तूप सांडू नये म्हणून तिला ती बरी पडली.

दोरी सोडवून खटक्यात अडकवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. बाबा यावर एक अक्षरही बोलले नाहीत. चूक आईची होती, पण परीक्षा त्यांची होती.

जाताना मग काही झालं नाही. बाबा नांगरलेल्या एकेका जहाजाकडे बोट दाखवून, हे तेलाचं, हे धान्याचं, असं सांगत होते, आणि नवरा सुकाणू धरून हो हो करत होता. तो खुशीत होता. आठवडाभर वर-खाली करणाऱ्या माणसाला आडवं जायला मिळालं होतं. आई मात्र सबंध वेळ एका हाताने कठडा आणि एका हाताने बाबांच्या जॅकेटचा पट्टा धरून होती. मांडव्याला उतरल्यावर तिने पट्टा सोडला, तेव्हा तिची बोटं वळली होती. मी ती चोळून दिली. अशी कसली गं भीती, मी विचारलं. भीती नाही, ती म्हणाली, गार वारा आहे.

रविवारी सकाळी तिने मावशीचा देव्हारा घासून काढला. कित्येक महिन्यांची फुलं वाळून त्यांचा चुरा झाला होता. तो तिने दादरच्या एका साडीच्या दुकानाच्या हिरव्या प्लास्टिक पिशवीत भरला. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं, पाण्यात सोडायचं, आणि एवढा समुद्र तर वाटेतच होता.

जेवून आम्ही परत निघालो. नवरा सुकाणूवर, बाबा पुढे उभे, मी मध्ये, आणि आई अगदी मागे, इंजिनापाशी. ती जागा बाबांनीच तिला दिली. हे इंजिन समुद्राचं पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि ते पाणी मागच्या बाजूने एका बारीक धारेने बाहेर टाकतं. धार चालू म्हणजे सगळं ठीक. धार थांबली की इंजिन लगेच थांबवायचं, नाहीतर ते तापून जळतं. बाबांनी आईला काम दिलं: या धारेवर लक्ष ठेव, बंद झाली की सांग. नीट बोला, आई म्हणाली. बरं, तुझ्या शब्दांत सांग, बाबा म्हणाले आणि पुढे जाऊन उभे राहिले.

अर्ध्या वाटेवर आईने पिशवीतलं निर्माल्य मागच्या मागे पाण्यात सोडलं आणि डोळे मिटून हात जोडले. मी मुंबईकडे बघत होते. इमारती धुरकट दिसायला लागल्या होत्या, आणि आता पोचलोच, दोर काही लागत नाही, असं माझ्या मनात आलं. त्याचा मला आनंद झाला की राग आला, हे मला अजून सांगता येत नाही. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"अहो, धार वाढली."

इंजिनाच्या आवाजातही बाबांना ते स्पष्ट ऐकू आलं, हेच दुर्दैव. छान, ते मागे न बघता म्हणाले, वाढू दे.

आई बुचकळ्यात पडली असणार. पण इंजिनातलं तुला काही कळत नाही, असं बाबांनी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिने गप्प बसणंच बरं मानलं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, अहो, अगदीच वाढली. बाबांनी अंगठा वर केला. मग इंजिनातून पीं पीं सुरू झालं, जळक्या रबराचा वास आला, आणि आई उभी राहून जावयाला म्हणाली, "अरे वाढव, वाढव आता."

नवऱ्याने वाढवलं. आई मागे बसल्या आहेत, त्यांना मागून काहीतरी येताना दिसलं असेल, असा विचार करून त्याने वेगाचं हँडल पार पुढे रेटलं. बोटीने नाक वर केलं. आई बाकावर आदळली. रिकामा डबा, चटणीची बाटली, बाबांचा चष्मा आणि मी, सगळे एकदमच मागे घरंगळलो. वाढव, आई ओरडत होती. वाढवतोय, तो ओरडत होता. इंजिनाने एक मोठा खोकला दिला, निळा धूर सोडला, आणि आईच्याच भाषेत सांगायचं तर, वाढलं.

एकदम शांत झालं. बोट हलकेच डुलत राहिली. नवऱ्याने इंजिन पाण्याबाहेर उचललं. पाणी आत ओढायच्या जाळीवर हिरव्या प्लास्टिकचा एक तुकडा घट्ट बसला होता. मुंबईच्या समुद्रात हे चालायचंच, नवरा म्हणाला आणि त्याने तो ओढून काढला. आईने हात पुढे केला. परत पाण्यात नको, म्हणाली, आणि ती चिंधी घडी करून पर्समध्ये ठेवली. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं.

पण प्लास्टिक निघूनही धार येईना. पंपातली रबरी चकती जळली होती. साधी वस्तू, धक्क्याला पोचलं की अर्ध्या तासात बदलता येते, पाण्यावर नाही. नवऱ्याने हे दोनदा समजावून सांगितलं. बाबांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि चावी फिरवली. इंजिन खोकायचं, पीं पीं करायचं, थांबायचं. असं पाच-सहा वेळा झाल्यावर बॅटरीही वाढली. नांगर टाकला, तो चिखलावरून घसरत राहिला. ओहोटी लागली होती आणि आम्ही हळूहळू मोठ्या जहाजांच्या वाटेकडे सरकत होतो. लांबवर एक कंटेनरवालं जहाज दिसत होतं. एरवी बाबांनी त्याची कुंडली सांगितली असती. आज त्यांनी फक्त एकदा तिकडे पाहिलं.

मासेमारीची एक बोट आमच्या रोखाने आली आणि जवळ येऊन मंदावली. तिच्यावर तोच तांडेल. त्याने आधी बाबांना ओळखलं, मग बोटीला.

"काका, आज पण तुम्हीच काय?" तो म्हणाला आणि विचारायच्या आधीच त्याने दोर उचलला.

दोन मिनिटं थांब, बाबा म्हणाले, होतंय सुरू. त्यांनी अंगातलं लाइफ जॅकेट काढून ठेवलं, इंजिनाचं झाकण काढलं आणि हाताने ओढून सुरू करायची दोरी चाकाला गुंडाळली. नवरा म्हणाला, बाबा, मी ओढतो. त्यांनी त्याचा हात बाजूला केला. पहिला झटका, दुसरा, तिसरा. शर्ट पाठीला चिकटला. पाचव्या झटक्यानंतर ते इंजिनावर तळहात टेकून उभे राहिले, तोंडाने श्वास घेत. मी आईकडे पाहिलं. ती जहाजाकडे बघत नव्हती, दोराकडेही नाही. ती बाबांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती.

"अहो, पुरे. दोर घ्या."

"दोर घेतला तर बोट गेली," बाबा म्हणाले आणि पुन्हा दोरी गुंडाळायला लागले.

"जाऊ दे बोट. तुम्ही जर..."

त्या वाक्याच्या उरलेल्या भागासाठी आईकडे चांगला शब्द नव्हता. ती वळून कठड्याशी गेली आणि तांडेलाला हात केला. त्याने दोर फेकला. जन्मात कधी चेंडू न झेललेल्या माझ्या आईने तो पहिल्याच फेकीला झेलला, छातीशी धरला आणि नवऱ्याने तो खुंट्याला बांधेपर्यंत सोडला नाही. बाबांच्या हातातली दोरी खाली पडली. तिसरा दोर लागला होता.

आम्ही ओढले जाऊ लागलो. बाबा पुढे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले, एक हात बोटीच्या काठावर ठेवून. मी आईच्या बाजूची, म्हणजे जिंकलेल्या पक्षातली, आणि मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. त्या हाताकडे बघून मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी नवऱ्यावर खेकसले: पीं पीं वाजत असताना कोण वेग वाढवतं? आई वाढव म्हणाल्या, तो म्हणाला. आई म्हणाली, मी तर वाढव म्हणत होते. तेच तर केलं, तो म्हणाला. केलंस कुठे, आई म्हणाली, तू तर आणखी जोरात सोडलीस.

मग नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने सावकाश विचारलं की आई, वाढव म्हणजे दुकान वाढवतात तसं का? दुसरं कसं असतं, आई म्हणाली. आणि धार वाढली, म्हणजे बांगडी वाढते तशी? आईने मान डोलावली. दोनदा सांगितलं मी, ती बाबांच्या पाठीकडे बघत म्हणाली, तर म्हणे छान, वाढू दे.

बाबांची पाठ आधी ताठ झाली, मग हलायला लागली. मला वाटलं ते रडतायत. ते हसत होते. चाळीस वर्षांचा संसार, ते म्हणाले, आणि मला म्हणे हिची भाषा येते. मग आम्ही सगळेच हसलो, नवरा तर इतका की तांडेल मागे वळून बघायला लागला. फक्त आई हसली नाही. ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. हळूहळू आमचंही हसू ओसरलं, कारण दोर पुढे ताणलेला होताच.

भाऊच्या धक्क्याला लागलो तेव्हा सूर्य इमारतींच्या मागे गेला होता. मासळीच्या टोपल्या उतरत होत्या, बर्फ फुटत होता, त्यातून वाट काढत तांडेल निघून गेला. जाताना म्हणाला, पुढच्या वेळी आधी फोन करा काका. पुढची वेळ नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही. बाबा पायरीवर आमच्याच बोटीचा ओला दोर गुंडाळत उभे राहिले. तो कोरडा करून द्यायला हवा, म्हणाले, देताना वस्तू नीट द्यावी. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मांडव्याचा माणूस होता. बाबांनी फोन कानाला लावला. हो, बोला, ते म्हणाले, आणि घसा खाकरला.

आईने पर्स उघडली. तिच्यातून ते घडी केलेलं हिरवं प्लास्टिक काढलं आणि बाबांसमोर उलगडून धरलं. दादरच्या साडीच्या दुकानाचं अर्धं नाव अजून वाचता येत होतं, आणि एका कोपऱ्यात झेंडूची एक वाळकी पाकळी चिकटली होती.

"निर्माल्याची पिशवी आहे. हात जोडताना माझ्या हातून सुटली," ती म्हणाली. मग तिने एक श्वास घेतला. "तुमची बोट बंद पडली नव्हती. मी बंद पाडली."

दोन वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. नवऱ्याने माझा हात धरला. फोनमधून हॅलो, हॅलो असा बारीक आवाज येत होता. आईने बाबांच्या हातातून फोन घेतला, कानापासून जरा लांब धरला, ती धरते तसा.

"मी त्यांची मिसेस बोलतेय. बोट विकायची नाही. तो विषय बंद."

फोन ठेवून ती बाबांच्या छातीकडे बघत राहिली, शब्दाचं काही होतंय का ते पाहावं तशी. काही झालं नाही. बाबा उभेच होते, हातात ओला दोर घेऊन, आणि तिच्याकडे बघून हसत होते.